पाणटिवळा उडाला तो दिवस

काल जठारपेठेत टरबूज घेतलं. त्याला तलावातल्या सुकत्या गाळाचा वास होता. त्या वासाने मला हिवरखेडजवळचा तलाव आठवला.

तेव्हा होळी जवळ आली होती. थंडीत आलेले पाहुणे पक्षी परत निघाले होते. माझी लेक सुमन एका दिवसाची सुट्टी काढून लांब चोचीच्या पाणटिवळ्याचा फोटो काढायला आली होती. पहाटेपासून ती चिखलात पालथी पडली होती. मी सोबत म्हणून मागे बसले होते. पक्षी अगदी जवळ आला आणि तेव्हाच मला खोकल्याची उबळ आली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. जीव घाबरा झाला.

सुमनने मागे वळून पाहिलं आणि कॅमेरा टाकून धावली. पक्षी उडाला.

"मरशीन काय वं माय? काहून दाबून राहिली खोकला?" ती माझ्या पाठीवर थापा मारत म्हणाली.

"तुहा फोटो गेला ना!"

"जाऊ दे त्याले. तू खोक."

घरी येईपर्यंत मी तिलाच रागावत राहिले. तोवर माझ्यासाठी कोणी काही सोडलं नव्हतं. अशा वेळी काय बोलतात, ते मला माहीत नव्हतं.