दिगूची चंद्रावरची दुपार

माझा मित्र दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरत होतो. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "धाप लागली होती का रे त्याला?" त्याचा मुलगा म्हणाला, "नाही काका, झोपेतच गेले." मी तिथेच वाळूत बसलो. एका दुपारपासून दिगूच्या श्वासाची धास्ती मी मनात बाळगून होतो...

२००४चा शिमगा नुकताच उरकला होता. चंद्रावरच्या पहिल्या पावलांचा सिनेमा, तोही चार मजली पडद्यासाठी, काढायला मुंबईची मंडळी आमच्या गावातल्या एका बंद काजू कारखान्यात उतरली. चाळलेली राख पसरून त्यांनी चंद्र केला. आमचा दिगू चित्रकलेचा मास्तर आणि हौशी नट. अंतराळवीराचा पोशाख त्याच्या अंगाला बरोबर बसला, मग काय, स्वारी हवेतच! उडी हलकी दिसावी म्हणून त्याला छताच्या कप्पीवरून दोराने तोलून धरायचं होतं. यंत्राने हिसके बसत. दिगूनेच सुचवलं, "आपले पालखी नाचवणारे गडी आणा. एका तालात ओढतील."

त्या दुपारी मीही बघायला गेलो होतो. पहिल्या उड्या झकास झाल्या. मग एकदा उतरताना दिगूचे गुडघे लटपटले. पाठीमागची हवेची नळी निसटलेली मला दिसली. "खाली घ्या!" मी ओरडलो. पण पालखीचा तोल गेला की ती वर उचलायची, जमिनीला टेकू द्यायची नाही, हे त्या गड्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी जीव खाऊन दोर ओढला. दिगू थेट वाशांपाशी, बंद हेल्मेटात, पाय झाडत... आणि दिग्दर्शक खूश, कॅमेरा चालूच! त्याचा मला आजही संताप येतो.

शूटिंग बघायला आलेल्या दिगूच्या बायको, मालतीवहिनी, राखेतून धावत सुटल्या. "अरे, देव नाही तो! माणूस आहे माझा! टेकवा खाली!"

तेव्हा कुठे दोर सैल झाला. हेल्मेट काढलं तर ओठ निळे. गड्यांचा म्होरक्या बाबू रडकुंडीला आला. "ध्यानात नाय आलं, वैनी. हात आपसूक चालले." बऱ्याच वेळाने दिगूला शब्द फुटला, तो काय, तर "पुन्हा घेऊया का?" वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट पोशाख उतरवू लागला.

सिनेमा लागला, दिगू मुंबईला जाऊन पाहून आला. वहिनी काही गेल्या नाहीत. त्यानंतर त्या सिनेमाचं नावही त्यांनी घरात काढू दिलं नाही.

परवा त्यांना भेटायला गेलो, तर त्यांनीच विचारलं, "भावोजी, तो सिनेमा अजून कुठे लागतो का हो?"

"त्यात दिगूचा चेहरा दिसत नाही, वहिनी. नुसती सोनेरी काच आहे."

"नसू दे. श्वासाचा आवाज मात्र यांचाच ठेवलाय, पाहून आले त्या दिवशी म्हणाले होते... तेवढा ऐकेन."