पेढे वाटून झाल्यावर

नोकरी गेली तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन महिनाही झाला नव्हता, म्हणून त्यांना काही कळू द्यायचं नाही असं बायकोनं आणि मी ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज नेहमीच्या वेळी डबा घेऊन कोथरूडहून निघायचो आणि शनिवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसायचो. तिथली स्पर्धा परीक्षेची मुलं मला ‘सर’ म्हणायची. हा माझा कितवा प्रयत्न, असंही एकानं अगदी आपुलकीनं विचारलं.

आयुष्यभर कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासली होती. आता तीच मापं संगणकावर कशी मांडायची, त्यातून काय हुडकायचं, ते ऑनलाइन शिकत होतो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. दर आठवड्याला काय शिकलात ते नोकरी-धंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या साइटवर लिहा, असा त्यांचा धोशा. स्वतःची टिमकी वाजवायची मला मनस्वी चीड. तीन आठवडे टाळलं, चौथ्यात वैतागून फॉर्म भरला आणि कोर्सचं नाव शिक्षणाऐवजी नोकरीच्या रकान्यात टाकून बसलो. साइटनं समस्त ओळखीपाळखीच्यांना कळवून टाकलं, यांना नवी नोकरी लागली!

जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीसेक अभिनंदनं. त्यात आमच्याच सोसायटीतले, दुसऱ्या मजल्यावरचे काका. ते बाबांना सांगितल्याशिवाय राहणार नव्हते. तसाच गाडीला किक मारून घरी आलो.

बाबा सोफ्यावर बसले होते, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. आमच्या मजल्यावर वाटून झाले होते.

“कुठली कंपनी?”

उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बायको घाबरून पाणी घेऊन आली. बाबांनी ते मला द्यायला सांगितलं.

“किती महिने?”

“साडेतीन.”

“म्हणजे साडेतीन महिने मी रोज विचारतोय, दमलास का, आणि तू हो म्हणतोयस.”

“दमत होतो, बाबा. खरंच.”

त्यांनी बॉक्समधले उरलेले पेढे मोजले. “आता काय, वाटलेले परत मागून आणू?”

“मी जाऊन सांगतो सगळ्यांना. चूक झाली म्हणून.”

“काही नको. कुणी विचारलंच तर सांगेन, मुलगा शिकतोय म्हणून वाटले.”

मला एकदम इतकं हलकं वाटलं की खुर्ची ओढून बसलो. पुढे दोन महिन्यांनी काम मिळालं, तेव्हाही असं वाटलं नाही. डोळे भरून आले आणि ते लपवावेसेही वाटले नाहीत. बाबांना असलं काही बघवत नाही. त्यांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “घे. तुझ्या दहावीचे राहिलेच होते वाटायचे. तेव्हा मार्क बघून माझी हिंमत झाली नव्हती.”