भट्टीकाकांचा बिनमिठाचा पाव

एकोणचाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभे राहिले, म्हणून सारी गल्ली त्यांना भट्टीकाका म्हणायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, बायको जाऊन दोन. पण सवय काही निवृत्त झाली नव्हती. पहाटे डोळा उघडायचा, पाय खाटेवरून खाली यायचे आणि मग त्या पायांना जायला कुठे जागा नसायची.

म्हणून ते पीठ मळत. दोन खोल्यांचं घर, ओट्यावर विजेची छोटी भट्टी. एका माणसाला अर्धा पाव पुष्कळ. पण अर्ध्या पावाचं पीठ काकांना मळताच येत नसे. हाताखाली गोळा भरला नाही तर ते मळणं नव्हे, नुसती चिवडाचिवड, असं त्यांचं ठाम मत. उरलेला खाणार कोण? लेक परगावी. रविवारी तिचा फोन यायचा. “बाबा, जेवलात का?” ती विचारायची. “जेवलो,” हे म्हणायचे. मग पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे.

एका सकाळी उरलेला पाव घेऊन ते वस्तीमागच्या तळ्यावर गेले. वीसेक रानबदकं पाण्यावर होती. पहिला तुकडा पडला आणि सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. आपल्याकडे इतक्या जणांनी एका वेळी पाहिल्याला किती दिवस झाले होते, कोण जाणे.

तेव्हापासून रोज. आणि काकांचं काम म्हणजे काम. पाहुण्यापुढे शिळं ठेवायचं नाही, म्हणून बदकांसाठी पाव ताजा. पाखरांना मीठ सोसत नाही असं कुठंतरी कानावर आलं, म्हणून बिनमिठाचा. वरची कडक साल काढलेली, तुकडे अंगठ्याच्या नखाएवढे. बाकीचे लोक पिशवी उलटी करून चालते व्हायचे. काका त्यांच्याकडे असे बघायचे, जणू त्यांनी न फुगलेलं पीठच भट्टीत ढकललंय.

यंदाच्या पिल्लांतलं एक काकांवर फार जीव टाकायचं. काठाच्या चिखलातून डुलत, धडपडत, सगळ्यांच्या आधी त्यांच्या पायाशी. काकांनी त्याचं नाव ठेवलं लगबग. पुढे बाकीची पिल्लं उडायला लागली. सकाळी एक चक्कर मारून यायची, धप्पकन पाण्यात उतरायची. लगबग मात्र जागचं हलत नसे. “तू आपलं घरचं आहेस,” काका त्याला म्हणायचे आणि दोन तुकडे जास्त टाकायचे.

तळ्याची राखण करणारी बाई लांब दांड्याची जाळी घेऊन रोज पाण्यातली घाण काढायची. एके दिवशी तिनं ती जाळी काकांपुढेच धरली. आत करड्या रंगाचा आंबूस चिखल.

“काका, हे काय आहे ओळखा बघू.”

काकांनी नाक मुरडलं. “पाव. पण माझा नव्हे. माझा बदकं फस्त करतात.”

“तीच तर गोम आहे. तुमच्या पावानं पोट भरलं, मग इथलं शेवाळ, किडे कोण खाणार? मी खाऊ?”

“माझा बिनमिठाचा असतो.”

“सोन्याचा करा हो. पाव तो पावच.”

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “बाई, एकोणचाळीस वर्षं पाव केलाय मी.”

“माणसांसाठी ना? मग माणसांनाच घाला.” तिनं जाळी खाली ठेवली. “बरं, एक सांगा. बाकीची पोरं उडायला लागून तीन आठवडे झाले. हे तुमचं लाडकं का उडत नाही?”

“त्याला माझा लळा आहे.”

बाई हसली नाही. “त्याचा डावा पंख बघा,” ती म्हणाली.

काका खाली बसले. भट्टीतून काढलेला पाव उलटा करून बूड तपासावं, तसं त्यांनी त्या पिल्लाकडे पहिल्यांदा निरखून पाहिलं. उजवा पंख अंगाला चिकटलेला. डाव्याचं टोक मात्र सांध्यातून पिळवटून बाहेर वळलेलं, पिसं मोडक्या पंख्याच्या काड्यांसारखी.

“वाढत्या वयात नुसतं असलं खाणं मिळालं की असं होतं, पाखरांचे डॉक्टर म्हणतात,” बाई म्हणाली. “पिसं भराभर वाढतात, सांध्याला भार पेलत नाही. मागून आलेल्या आणखी दोघांचे पंख सैल दिसतायत, तीही अजून उडायची आहेत. पाव थांबला तर ती सावरतील. याला मात्र डॉक्टरांकडे न्यायला हवं. मी तीनदा जाळी टाकली. शिरतं गवतात, हाती लागत नाही. माणसाच्या जवळ येतं ते फक्त तुमच्या.”

काकांना काय विचारलं जातंय ते कळलं. “बाकीच्यांच्या देखत धरायचं?”

“दुसरा इलाज नाही. मग ती तुमच्या आसपास फिरकायची नाहीत, हेही सांगून ठेवते. रानातली पाखरं, त्यांना एवढं पुरतं.” जाळी उचलत ती म्हणाली, “त्यांच्या दृष्टीनं बरंच आहे म्हणा ते.”

काका त्या दिवशी पाव तसाच परत घेऊन गेले. संध्याकाळी टॉवेलची गुंडाळी करून धरायचा सराव केला. मान नाही, पाय नाही. दोन्ही तळवे दोन्ही पंखांवर, अंगाशी दाबून, पण आवळून नाही. पंचवीस वेळा केलं. पंचवीसाव्या वेळी टॉवेलचं टोक सुटलं, म्हणून आणखी दहा वेळा. सकाळी त्यांनी पाव केला नाही. बाईनं सांगितलं तसे गोठवलेले मटार पाण्यात मऊ करून घेतले.

लगबग नेहमीसारखं आलं. हातात वेगळंच काही आहे, हेही त्यानं पाहिलं नाही. काकांनी चार दाणे पायाशी टाकले, त्यानं मान खाली घातली, आणि काकांनी धरलं. एका दमात, जसं धरायला हवं तसं. ते किंचाळलं. तळ्यावरचं पाणी फाटावं तसा आवाज झाला आणि सगळा थवा पलीकडच्या काठाला गेला. बाईनं भोकं पाडलेलं खोकं पुढे केलं. झाकण लावेपर्यंत काकांनी तळ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी सांधा चाचपला. हाड वाकडंच घट्ट झालं होतं. महिनाभर आधी आणलं असतं तर बांधून सरळ झालं असतं, म्हणाले. आता उडणं नाही. अशाच पाखरांसाठी दुसरीकडे कुंपणातलं तळं आहे, तिथे राहील.

“भेटायला आलो तर चालेल?” काकांनी विचारलं.

“त्यांची माणसांची सवय मोडायची असते, काका,” डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ होता, पण बोलणं तेच.

पुढच्या आठवड्यात काका मूठभर मटार आणि बारीक चिरलेला पाला घेऊन तळ्यावर गेले. ढीग करायचा नाही, पाण्यात विखरून टाकायचं, संपलं की आणखी द्यायचं नाही, रोज तर नाहीच, असं बाईनं बजावलं होतं. त्यांनी तसंच टाकलं. एकही बदक हललं नाही. काका दहा पावलं मागे सरले. नाही. वीस. नाही. चाळीस पावलांवर, झाडाला टेकून उभे राहिले तेव्हा थवा सावकाश आला. काकांनी नुसता पाय बदलला, तर साऱ्या माना ताठ झाल्या.

मग चाळीस पावलं हाच नेम झाला. तेवढ्यावरून पिल्लं कोणती आणि मोठी कोणती, तेही काकांच्या डोळ्यांना कळत नसे. बाईलाच विचारावं लागे.

“त्या दोघांचं काय?”

“एकाचा पंख मिटला. दुसऱ्याचा थोडा राहिलाय.”

असे पाच आठवडे गेले. एके सकाळी काका झाडाखाली पोहोचले, तर बाई स्वतःहून आली.

“दोघंही उडाली, काका. परवा. चांगली चार चकरा मारून आली.”

“परवा तर मी होतो इथे. तासभर.”

“तुम्ही गेल्यावर. तुम्ही असलात की ती काठाला दबूनच असतात.”

काका झाडापासून बाजूला झाले.

“मग यापुढे मी टाकून लगेच निघत जाईन,” ते म्हणाले.