पिंप्राळ्याच्या दारामागचा शिक्का

पिंप्राळ्याच्या घराच्या मुख्य दाराची चौकट इतर चौकटींपेक्षा फिकट का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

घर बांधलं त्या वर्षी तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, शिरपूरच्या वरच्या जंगलात वनरक्षक होता. सागाची चोरटी तोड अडवली म्हणून चौघांनी त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यांनी बडवलं, उजव्या हाताची तीन बोटं दगडावर ठेचली आणि त्याचा हातोडा नेला. परवानगीने तोडलेल्या लाकडावर त्या हातोड्याने शिक्का मारतात. प्रत्येक हातोड्याचा आकडा वेगळा. त्यानेच तो विकला, असा वरिष्ठांना संशय आला. त्याला निलंबित केलं.

पुढे मुख्य दारासाठी आमच्या मिस्त्रींनी सागाचे ओंडके आणले. सरकारी डेपोचंच लाकूड हवं, असं मी बजावलं होतं. मी शिक्के पाहिले आणि मिस्त्रींकडे वाहतुकीचा पास मागितला.

"बाई, बठ्ठासवर शिक्का शे. पास काय चाटाले पाह्यजे?"

शिक्का सगळ्यांवर होताच; मला हसू आलं. पास राहून गेला. चूक माझी.

मुख्य चौकट उभी राहिली त्या दिवशी दीर घर बघायला आला. उरलेल्या ओंडक्यावर आपल्याच हातोड्याचा आकडा वाचताच त्याने डाव्या हाताने मिस्त्रींना दांडा हाणला. त्यांचा कान फाटला.

"मारू नका भाऊ, माले काय म्हाईत? ट्रकवालानी दिधं!"

मग कुऱ्हाड घेऊन त्याने चौकट फोडली आणि ओंडक्याकडे वळला. मी ओंडक्यावर जाऊन बसले.

"उठा वहिनी."

"भाऊजी, हातोडा अजून चोरांकडे आहे, हे या लाकडाशिवाय कोण सांगणार? शिक्का फोडलात तर नोकरी गेली."

"लाकूड जप्त होईल. तुम्हीही अडकाल."

"अडकू."

बिनपासचं लाकूड मीच घेतलं, असा अर्ज मी वनखात्याला माझ्या अक्षरात लिहून दिला. ट्रकवाल्याचा ठिकाणा मिस्त्रींनी सांगितला. त्याच्या माणसांनी दगड मारून आमच्या खिडक्या फोडल्या. एक दगड तुमच्या आजोबांच्या कपाळाला लागला, चार टाके पडले. लाकूड जप्त झालं; तीन महिने दाराला गोणपाट होतं. पण ट्रकवाल्यामागच्या चोरांकडे हातोडा सापडला, तो मारून हिसकावल्याचं उघड झालं आणि दीर कामावर परतला.

नंतर डेपोच्या लिलावातलं लाकूड आलं, तीच ही फिकट चौकट. मिस्त्री तेच, कान शिवलेला. रंधा बाजूला ठेवून त्यांनी आधी खिशातून पास काढला.

"घ्या बाई, चाटा."

मी आकडे ताडून पाहिले, मगच त्यांना चहा दिला.