सगुणाक्कांच्या तीन चुली

सगुणाबाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे सुरुवातीलाच नमूद करतो. मी धान्यबाजारातला मापाडी. शाळेचे तोंड पाहिले नाही. पोत्यांवरची अक्षरे लावत लावत वाचायला शिकलो आणि आज हा लेख कोणाची मदत न घेता लिहीत आहे. माझ्या हातचे माप कधी कमी भरले नाही, असे बाजारात कोणीही सांगेल. बाई तेव्हा भवानी पेठेत गिरणीकामगारांची खाणावळ चालवीत. ज्वारी घ्यायला आल्या, मी माप घातले आणि त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ वर काढली. तिच्यात किडके दाणे.

"माप बरोबर हाय, मापाडी. माल बरोबर न्हाय."

"माल व्यापाऱ्याचा, बाई. माझं काम मापायचं."

"खाणारा तुमच्या मापाला खातोय व्हय?"

मला राग आला. पण त्या दिवसापासून पोत्याच्या तळात हात घातल्याशिवाय मी माप लावलेले नाही.

पुढे त्यांना सगळी पेठ म्हणते तसे मीही आक्का म्हणू लागलो. माझे कुटुंब विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा आक्का रोज सकाळी ताज्या भाकऱ्या आणि पातळ आमटी घेऊन दारात उभ्या राहत. मी संकोचलो की म्हणत, "तुमच्या मंडळीकडनं पीठ उसनं नेलं हुतं. फेडतेय." कुटुंब बरे झाल्यावर मी विचारले. तिने आक्कांना कधी चिमूटभर पीठही दिलेले नव्हते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून आक्का असे काहीतरी निमित्त नेहमी जवळ बाळगून असत. पुढे जे घडले त्यात हाच त्यांचा स्वभाव कामी आला.

गिरण्या बंद पडल्या तो काळ वाचकांना आठवत असेल. गिरण्यांचे भोंगे थांबले, त्यापाठोपाठ गल्ल्यांतले मागही थांबले. पेठेतल्या काही सधन मंडळींनी अन्नछत्र काढले आणि त्याची देखरेख आक्कांकडे दिली. पटांगणात मांडव, पत्रावळी, भात आणि वरण. वेळ झाली की मोठी घंटा वाजे. हेतू चांगलाच होता. पण घंटा वाजली की सगळी गल्ली उंबऱ्यात येऊन बघे, कोण जेवायला निघाले ते. परिणाम असा झाला की गोसावी, बैरागी आणि वाटसरू पोटभर जेवत, आणि विणकरांच्या घरातले एकही माणूस मांडवाकडे फिरकत नसे. मंडळींनी हिशेब केला की गल्लीत उपासमार नाही.

आक्का स्वतः गल्लीतून फिरून आल्या. मी बरोबर होतो. परत आल्यावर म्हणाल्या, "मापाडी, समद्या घरांतनं धूर निघतुय. पण भाकरी थापायचा आवाज एका घरातनं न्हाय. शेजारणीनं धूर बघावा म्हणून बायांनी नुसतं पाणी चुलीवर ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटा उतरवली, मांडव मोडला आणि आपल्या खाणावळीच्या मागल्या अंगणात चुली घातल्या. गल्लीत निरोप गेला: अन्नछत्रात भाकऱ्या करायला बाया पाहिजेत. लग्नघरी भाकऱ्या करणारीला जसे चार घास बांधून देतात, तसे इथेही मिळेल. कामाला जाण्यात लाज कसली? बाया आल्या. कोणी कोणाच्या हातचे खावे यावरून कुरबुर नको म्हणून चुली तीन: एक तेलुगू विणकरणींची, एक मुसलमान बायांची, एक आमच्याकडच्या मराठी बायांची. थोड्याच दिवसांत चुली तीनच राहिल्या, पण कोणत्या परातीतले पीठ कोणत्या तव्यावर गेले हे कोणी पाहीनासे झाले.

मग अन्नछत्राच्या मंडळींपैकी ज्वारी देणारे शेटजी तपासणीला आले. त्यांचे नाव लिहीत नाही. ते आज आक्कांच्या साठीसाठी नेमलेल्या या गौरव समितीवर आहेत आणि हा प्रसंग लिहाच, असे त्यांनीच मला बजावले आहे.

"आक्का, भाकऱ्या ढीगभर होतात. खाणारे कुठं आहेत?"

"जातात की खाणाऱ्यापर्यंत."

"मी बघतोय ना! करणाऱ्या बायाच बांधून नेतात. हे अन्नछत्र आहे की तुमच्या बायांचं माहेर?" मग चुलीपुढच्या नरसम्मांना त्यांनी विचारले, "काय हो आजी, घरी उपास पडतो का?"

नरसम्मा म्हणजे गल्लीतली वयाने सर्वांत मोठी विणकरीण. घरात सून ओली बाळंतीण, मुलाचा माग बंद. हे अंगणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. म्हातारीने मान ताठ केली. "अय्यो, उपास कशाला? मी कामाला आले की!"

"ऐकलंत? मग उद्यापासून ज्वारी कशाला पाठवू?"

 आक्कांनी एक शब्द खरा बोलायचा अवकाश होता. ज्वारी वाचली असती आणि नरसम्मा पुन्हा त्या अंगणात आल्या नसत्या.  आक्कांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"शेटजी, हात धुवा. माहेर हाय म्हणता न्हवं, मग एक भाकरी थापून दावा."

बायांत हशा उसळला. शेटजी हट्टाला पेटले, पगडी काढून बसलेही. भाकरी थापली, उचलली आणि तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे झाले. एक तव्यात पडला, दुसरा राखेत.

"शेटजी, तुमच्या मंडळींना बोलवू का?" कोणीतरी म्हणाले आणि पुन्हा हसणे झाले. त्या हसण्यात नरसम्मांनी राखेतला तो कच्चा तुकडा उचलला, फुंकला, झाडला आणि पदरात बांधला.

शेटजींनी ते पाहिले. हातांना पीठ तसेच. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उपरण्याला हात पुसत राहिले, पुष्कळ वेळ. नरसम्मांची गाठ मारून होईपर्यंत ते वळले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आक्का, उद्याची पोती मागल्या दारानं उतरवू ना?"

"व्हय. मागल्याच दारानं," आक्का म्हणाल्या.

त्यानंतर गिरण्या चालू होईपर्यंत ज्वारी कमी पडली नाही. गल्लीत सकाळी पुन्हा थापण्याचा आवाज येऊ लागला, तरी आक्कांनी तिन्ही चुली विझवल्या नाहीत; कोणत्या ना कोणत्या घराला त्या अजून लागतात.

आज आक्कांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, नजर मात्र तीच. ईश्वर त्यांच्या गुडघ्यांना बळ देवो आणि त्यांना पुष्कळ, पुष्कळ वर्षे आमच्यात ठेवो. या शहरात एक दिवस असा उजाडो की तीन चुली पेटवून आक्का अंगणात वाट बघत बसतील आणि कोणीच येणार नाही, आणि त्या माझ्यावर डाफरतील, "मापाडी, भाकऱ्या करायला एक बाई मिळंना की हो!" ती तक्रार त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावी, इतके आयुष्य त्यांना लाभो. थोडे मलाही.