बाहीवरचा दोरा

दोन जुलै, मानधन तीनशे पन्नास फक्त. असं एक व्हाउचर गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आलं आणि घेणाऱ्याच्या जागी माझ्या बायकोचं नाव होतं. विद्यापीठाच्या हिशेब विभागात चौतीस वर्षं काढली, पण घरच्या माणसाचं बिल माझ्यापुढे कधी आलं नव्हतं. नियमाप्रमाणे मी ते शेजारच्या टेबलावर सरकवलं. शेजारचा कॅशियर म्हणाला, "वहिनी कमावत्या झाल्या! आता साहेबांना घरी कोण विचारणार?"

तो गमतीने म्हणाला. मला ते झोंबलं.

सत्र सुरू होण्याआधी नव्या टीचिंग असिस्टंटांना आमच्याकडे आठवडाभर वर्गात उभं राहायला शिकवतात. कालपर्यंत बाकावर बसलेली ही पोरं, सोमवारपासून फळ्यापाशी उभी राहणार. त्यासाठी सरावाचे तास होतात. सुट्टीत खरे विद्यार्थी मिळत नाहीत, म्हणून प्रशिक्षणाच्या मॅडम कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं बाकांवर बसवतात. गेल्या वर्षी एक डोकं कमी पडलं, तेव्हा बायकोचं नाव मीच सुचवलं. बसेल कोपऱ्यात, काढेल डुलक्या, असा माझा अंदाज. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत.

ती शिवणकाम करते. पडदे, पँटचे पाय, तुटलेल्या चेन. सहा बहिणींतली पाचवी, त्यामुळे घरात तिचं ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. शाळेत गणिताच्या बाई धडा संपला की विचारायच्या, "समजलं का सगळ्यांना?" जी 'नाही' म्हणेल तिला तास संपेपर्यंत उभं करायच्या. ही एकदाच उभी राहिली. त्यानंतर शाळा संपेपर्यंत तिला सगळं समजत गेलं. ही हकिगत ती हसत सांगते आणि मीही आजवर हसतच ऐकली होती.

तर सरावाच्या बाकावर 'नाही समजलं' म्हणणाऱ्या या बाईचं नाव नव्या पोरांत इतकं गाजलं की यंदा पहिल्याच दिवशी जो तो विचारायला लागला, "काकू कोणाच्या तासाला बसणार?" त्यांत संख्याशास्त्राचा एक उंच, काटकुळा मुलगा होता. त्याला सगळे खांब म्हणत. त्याचा सरावाचा तास बिघडला होता आणि शुक्रवारपर्यंत पुन्हा नीट घेतला नाही तर त्याला वर्ग मिळणार नव्हता. बुधवारी संध्याकाळी तो थेट आमच्या स्वयंपाकघरात हजर. फळा म्हणून फ्रिजचं दार, खडू म्हणून हिचा शिवणाचा खडू.

"काकू, समजा अकरा माणसांचे पगार आहेत. त्यातला मधला–"

"थांब. नाही समजलं. मधला कसा काय? रांग कोणी लावली?"

"रांग... आपणच लावायची, काकू. कमी पगाराचा आधी."

"मग ते आधी सांग ना, लांबोळक्या! मी मघापासून गर्दीतच उभी आहे."

दोघं खो खो हसली. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलो होतो. व्याज, घसारा, आयकर, सगळं मी हिला वर्षानुवर्षं समजावलं. 'नाही समजलं' हे दोन शब्द मला एकदाही मिळाले नव्हते. परवा ओळख झालेल्या पोराला ती ते फुकट वाटत होती. शेवटी राहवलं नाही. आत जाऊन म्हणालो, "अरे, सोपं आहे ते. मी सांगतो बघ–"

"अहो, तुम्ही जरा थांबा," ती म्हणाली. "त्याचा तास आहे."

घर माझं, फ्रिज माझा, विषय माझ्या हातचा. आणि तास त्याचा!

जेवताना मी पेन्शनचा फॉर्म काढला. तो सोमवारी द्यायचा होता आणि त्यावर दोघांच्या सह्या लागत होत्या. पेन्शनचा काही भाग आत्ता एकरकमी घ्यायचा आणि पुढे दरमहा कमी, की सगळंच दरमहा, एवढं ठरवायचं होतं. तक्ता काढून मी पूर्वीही तिला समजावलं होतं, आता पुन्हा समजावलं. "एकरकमी घेऊ. समजलं ना?" म्हणालो आणि पान उलटलं.

"हो हो," म्हणत तिने बाहीवरचा दोरा चिमटीत धरून काढला.

"बघ, माझ्याकडून तुला पहिल्या फटक्यात कळतं."

तिने तक्ता माझ्याकडे सरकवला. भांडी उचलली.

शुक्रवारी प्रशिक्षणाचा समारोप होता. मानधनाची पाकिटं घेऊन मी मागे उभा होतो. मॅडम पोरांना सांगत होत्या, "समजलं का, असं विचारलंत की गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. जीव जातो, पण मोजा. तुम्ही थांबला नाहीत तर वर्ग तुम्हाला काय देतो? काकू, दाखवा जरा."

बायको उठली. मान डोलावली. "हो हो," म्हणाली आणि बाहीवरचा दोरा चिमटीत धरून काढला. बाहीवर दोरा नव्हताच. सगळा वर्ग हसला.

मॅडम म्हणाल्या, "ज्याला हा दोरा मिळाला, त्याने काकूंना एक कप चहा पाजायचा. हा इथला दंड."

"काकू, माझे तीन झाले!" खांब ओरडला. त्याचा तास सकाळीच पार पडला होता आणि त्याला वर्ग मिळाला होता. टाळ्या वाजल्या. मी पाकिटं पुन्हा मोजायला घेतली. संसारातल्या इतक्या वर्षांचे ते दोरे एकाला एक जोडले असते तर किती रिळं भरली असती, याचा हिशेब काही केल्या जमत नव्हता.

रविवारी ती मशीनवर बसली होती. मी स्टूल ओढलं, फॉर्म पुढे ठेवला, पुन्हा सगळं सांगितलं आणि विचारलं, "समजलं का?"

मग मोजायला लागलो. सहाला तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

मी मान हलवली. सात. आठ. तिने कात्री खाली ठेवली.

"नाही समजलं."

"काय नाही समजलं?"

"टक्के सांगता, तक्ता दाखवता. तुमच्या मागे एक तारखेला माझ्या हातात किती पडणार, ते कुठे आहे यात?"

तक्त्यात ती ओळ नव्हतीच. मी तिथेच आकडे मांडले. आमच्या फंडाच्या नियमाने एकरकमी उचलली की मागे राहणाऱ्याचा हिस्साही घटतो. आकडा खाली आला तसा तिचा चेहराही उतरला.

"एकरकमी कशाला हवी होती तुम्हाला?"

"असावी हाताशी."

"हाताशी माझं मशीन आहे. सगळं दरमहाच घ्या." मग सुईत दोरा ओवत म्हणाली, "आज तुम्ही थांबला नसता तर उद्या मी त्या खांबालाच विचारणार होते."

"त्याला पेन्शनमधलं काय कळतं?"

"थांबायला कळतं ना."

हे मात्र मला पुन्हा झोंबलं. 'दरमहा' या खान्यात खूण करून मी सही केली, तिनेही केली. मग खांबापेक्षा आपण कमी नाही हे दाखवायच्या भरात शेवटच्या पानावरचे वारसाचे सगळे नियम मी तिला पोटकलमांसह वाचून दाखवले.

"हो हो," ती म्हणाली आणि हात बाहीकडे गेला. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

खांबाने आपले तीन कप मंगळवारी कॅन्टीनमध्ये फेडले. माझ्याकडे तिचा एक कप बाकी आहे.