नानांच्या नातवाचे मार्क

आमच्या वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये ‘शेरा’ हा रकाना बोटभर रुंद आहे. खरं काय घडलं ते त्यात मावत नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात साठत जातं. मी जळगावात नवजात बाळांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आणि हे सगळं एकाच बाळाचं!

*

धरणगावकडचं बाळ. दुसऱ्याच दिवशी किंचाळून रडायला लागलं, हातपाय थरथरत होते. आईला, वैशालीला, मी विचारलं, “गरोदरपणात कुठली गोळी घेत होतीस?”

तिने तोंड उघडायच्या आत सासू, म्हणजे अक्का, कडाडल्या, “आमना घरमां कोनी सुपारीबी खात नही!”

अक्कांना चहाला पिटाळलं. वैशालीने उशीखालून पाकीट काढलं. कंबरदुखीवरची गोळी, अफूच्या जातीची. सहा महिने, रोज!

“कोणी दिली?”

“नानांनी.”

*

नाना म्हणजे सासरे. अजिबात लाजले नाहीत. “मन्हा गुडघासनी गोयी शे. बठ्ठा दुखनावर चालस.” वर खिशातलं दुसरं पाकीट दाखवलं, अभिमानाने! मी दोन्ही जप्त केली.

“पाच वरीस खाई राह्यनू. मले काय व्हयनं?”

*

अशा बाळाला पोटातच गोळीची सवय लागते. जन्मलं की गोळी बंद, हाल सुरू. मग आम्ही दर काही तासांनी रडणं, थरथर, जांभया, शिंका, घाम बघतो आणि प्रत्येकाचे मार्क मांडतो. बेरीज जितकी मोठी, तितका त्रास जास्त. औषध द्यायचं की नाही, हे डॉक्टर त्यावरच ठरवतात.

दुपारी ड्युटीवर आले तर इन्चार्ज सिस्टरांनी सकाळचा चार्ट भरलेला. पाच, पाच, पाच. एकाच दमात!

“बाळ एवढं रडतंय आणि पाच?”

“बाळ रडणारच ना गं. आमच्या काळी नव्हते असले आजार.”

“होते, मॅडम. मोजत कोणी नव्हतं!”

मी पुन्हा मोजलं. तेरा. त्याच दुपारी औषध सुरू झालं. पाचावर विसंबलो असतो तर बाळाला झटके यायची वाट बघत बसलो असतो.

*

अक्कांचं निदान तयार होतं. शिंक आली की सर्दी, थरथरलं की थंडी, जांभई दिली की नजर. मी वळले की बाळावर तीन गोधड्या! साहजिकच घाम.

“अक्का, तुमच्या गोधड्यांचे मार्क बाळाला पडतात हो!”

*

मार्क हा शब्द नानांनी बरोबर उचलला. तेरा ऐकताच गावी फोन. “तेरा मार्क! पोऱ्या हुशार शे!”

औषधाने नऊ झाले, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“नाना, आपल्याला शून्याकडे जायचंय.”

“शून्य? आमना खानदानमां कोनी नापास नही!”

*

औषध सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी चार. बाळ वैशालीच्या छातीशी शांत झोपलं. ही बातमी सांगायला मी बाहेर आले.

बाकावर नाना, आणि अक्का त्यांच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळतायत. “नजर लागनी यासले. दोन दिन व्हयनात, नुसता चिडतस.”

नानांनी भलीमोठी जांभई दिली. मग शिंकले. पुन्हा शिंकले. पुन्हा. कपाळावर घाम, आणि हातातल्या कपातला चहा हिंदकळून धोतरावर.

“सिस्टर,” ते खेकसले, “आज किती मार्क पडनात?”

“कोणाचे, नाना?” मी म्हटलं आणि कोरा चार्ट काढला.